बिचारी बॉबिन!

गोधडी शिवताना खाली दोऱ्याचा गुंता झाला की आपण सगळे बॉबिनवर तुटून पडतो. डबीचा स्क्रू पिळतो, आणि शेवटी "मशीनच जुनं झालं" म्हणून मोकळे होतो. माझा याला साफ विरोध आहे!

खालचा गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यामुळे होतो. मशीनचा पाय खाली ठेवून दोरा ओवला, तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यात बसतच नाही. मग तो सैल सुटून खाली साचतो. म्हणून पाय उचला, दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा. जाड थरांना १६ किंवा १८ नंबरची नवी सुई लावा. पहिले तीन-चार टाके दोऱ्याची दोन्ही टोकं मागे धरून घाला.

मागच्या आठवड्यात मीही आधी स्क्रूच पिळला. गुंता ओढून काढताना आईचं जुनं लुगडं चार बोटं फाटलं. ते आता कुठून आणू?

वर्गातही असंच करत आले. मुलाची वही चुकली की मुलाला रागवायचं. फळ्यावर मी काय चुकले, ते क्वचितच पाहिलं.

आधी वर बघा हो, मग खाली!