व्यापारी आणि विधिमंडळ : ओक्स एम्स यांचे उदाहरण

निवडणुका जवळ आल्या की व्यापारी मंडळींच्या बैठकीत एक विचार हमखास निघतो, तो हा की विधिमंडळात आपला एक माणूस असावयास हवा. करांचे कायदे, साठ्यांवरील निर्बंध, बाजार समित्यांचे नियम हे सारे ज्यांनी कधी तराजू हाती धरला नाही अशांनी ठरवावे, हे आपणांस खुपते. आणि ते खुपणे अगदीच अवाजवी नाही. परंतु आपला माणूस तेथे गेल्यावर त्याने वागावे कसे, याची चर्चा त्या बैठकीत क्वचितच होते. म्हणून एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या ओक्स एम्स नामक व्यापारी गृहस्थाचे चरित्र सभासदबंधूंपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

एम्स यांचा जन्म १८०४ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील ईस्टन या गावी झाला. वडील मूळचे लोहार. त्यांनी फावडी बनविण्याचा कारखाना उभारिला व १८४४ साली तो ओक्स आणि धाकटे ऑलिव्हर या पुत्रांच्या हवाली केला. पुढे पाचच वर्षांत कॅलिफोर्नियात सोने शोधणाऱ्यांची झुंबड उडाली. सोने किती जणांस लाभले ते असो. फावडी विकणाऱ्यास मात्र ते निश्चित लाभले! त्यानंतर यादवी युद्धात खंदक खणावयास व देशभर रेल्वेचे भराव घालावयास हेच फावडे लागले. माल चोख आणि शब्द पक्का, अशी या पेढीची ख्याती होती.

१८६२ मध्ये एम्स प्रतिनिधिगृहावर निवडून आले आणि पॅसिफिक रेल्वेच्या समितीवर त्यांची नेमणूक झाली. दोन महासागर जोडणाऱ्या या रेल्वेचा पूर्वेकडील भाग युनियन पॅसिफिक कंपनीकडे होता. सरकारने तिला दर मैलास १६,००० डॉलरचे, पठारी प्रदेशात ३२,००० चे व डोंगराळ प्रदेशात ४८,००० चे कर्जरोखे आणि शिवाय जमिनी देऊ केल्या होत्या. तरीही ओसाड मुलखातून जाणाऱ्या या मार्गात पैसा घालण्यास भांडवलदार धजेनात. १८६५ पासून एम्स बंधूंनी स्वतःचा पैसा व पत त्यात घातली, मित्रांनाही ओढले. हे धाडस लहान नव्हते आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. १० मे १८६९ रोजी रूळ जुळले.

परंतु पैसा कोठे मिळत होता, ते पाहावे. युनियन पॅसिफिकच्या प्रमुख मंडळींनी क्रेडिट मोबिलियर नावाची बांधकाम कंपनी हाताशी धरली होती. रेल्वेचे मक्ते तिच्याकडे जात आणि दोन्हीकडचे धनी बहुतांशी तेच. १८६७ साली खुद्द एम्स यांच्या नावे ६६७ मैलांचा सुमारे ४ कोटी ७९ लाख डॉलरचा मक्ता झाला, व त्याचा लाभ अखेर याच मंडळींकडे वळला. आपल्या बाजारात याला निराळे नाव शोधावयास नको. शेतकऱ्याचा माल आडतीवर घ्यावयाचा, तोच दुसऱ्या नावाने स्वतः खरेदी करावयाचा आणि भावही आपणच ठरवावयाचा. असा आडत्या ठाऊक नाही असे एकही धान्याचे पेठेचे गाव नसेल. त्याची हिशेबपट्टी बिनचूक असते, वजनात गुंजेची खोट नसते, तरी शेतकरी नाडला गेलेला असतो. येथे शेतकऱ्याच्या जागी सरकार आणि सामान्य भागधारक होते.

१८६७ च्या अखेरीस एम्स यांनी पुढचे पाऊल टाकिले. या कंपनीचे भाग त्यांनी विधिमंडळातील सहकाऱ्यांस दर्शनी किमतीस, म्हणजे १०० डॉलरला, देऊ केले. प्रत्यक्षात त्यांचे मोल बरेच अधिक होते. कित्येकांनी तर रोख काहीच दिले नाही; लाभांशातूनच किंमत वळती झाली. हेन्री मॅकोम या भागीदारास लिहिलेल्या पत्रांत एम्स यांनी हेतू लपविलेला नाही. आपणांस काँग्रेसमध्ये मित्र हवेत आणि स्वतःचा हितसंबंध असल्यावाचून लोक कायदा वाचून पाहण्याचेही कष्ट घेत नाहीत, असा त्यांचा आशय होता. मॅकोम यांच्याशी भागांवरून कज्जा लागला व ही पत्रे सप्टेंबर १८७२ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘सन’ या वृत्तपत्रात झळकली.

चौकशीसाठी ल्यूक पोलंड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. प्रथम एम्स यांनी सहकाऱ्यांस सांभाळून घेतले. परंतु एकेक जण कानांवर हात ठेवू लागला, तेव्हा त्यांनी आपली टिपणवही समितीपुढे ठेविली. उपाध्यक्ष कोलफॅक्स साफ नाकारीत होते. त्यांच्या बँकेच्या खात्यात १,२०० डॉलरचा भरणा निघाला. गारफील्ड यांच्या नावे १० भाग व ३२९ डॉलर लाभांश निघाला. वहीने खोटे बोलावयाचे नाही, ही व्यापाऱ्याची सवय त्या दिवशी मोठमोठ्या नामदारांस जड गेली.

निर्णय मात्र विचित्र झाला. देणाऱ्याचा हेतू दूषित, पण घेणाऱ्यांपैकी बहुतेकांस त्या हेतूची जाणीव नव्हती, असे समितीने ठरविले. २७ फेब्रुवारी १८७३ रोजी प्रतिनिधिगृहाने एम्स आणि जेम्स ब्रुक्स या दोघांचा निषेध केला. एम्स यांच्याविरुद्ध १८२ व बाजूने ३६ मते पडली. गारफील्ड १८८० साली राष्ट्राध्यक्ष निवडून आले.

एम्स यांस बळीचा बकरा म्हणणारे पुष्कळ आहेत आणि घेणारे सुटले हा अन्याय आम्हांसही मान्य आहे. परंतु एवढ्यावरून ते निर्दोष ठरत नाहीत. आपण लाच दिली असे त्यांना अखेरपर्यंत वाटले नाही, आणि आमच्या मते खरी अडचण तीच आहे. धंद्यात मित्रास भागी करून घेणे, त्याचा जीव आपल्या मालात गुंतविणे, यात वावगे काही नाही. किंबहुना पेढी त्यानेच वाढते. मात्र विधिमंडळातील मित्राकडे जे मत आहे ते त्याच्या मालकीचे नाही. ते त्याच्याकडे अनामत आहे. दुसऱ्याच्या अनामतीत भागी घेता येत नाही, हे आपल्या वखारीतला कच्चा गुमास्ताही जाणतो. अचौर्यव्रताच्या अतिचारांत खोट्या मापाबरोबर राज्याच्या मर्यादेचे उल्लंघनही का गणिले आहे, याचा उलगडा आम्हांस हे चरित्र वाचताना अधिक झाला.

तेव्हा आपल्यापैकी जो कोणी उभा राहील त्याच्याकडून, मते मागण्यापूर्वीच, आपण दोन गोष्टी लिहून घ्याव्यात : कोणकोणत्या पेढ्यांत व कंपन्यांत त्याची पाती आहे ते तो जाहीर करील, आणि त्यांचा विषय निघाला की मतदानास बसणार नाही. असा माणूस आपल्या फारसा उपयोगी पडणार नाही, असे काहीजण म्हणतील. म्हणोत.

ठराव झाल्यावर एम्स गावी परतले आणि ८ मे १८७३ रोजी वारले. १८८३ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने त्यांच्या सचोटीवर विश्वास व्यक्त करणारा ठराव केला आणि काँग्रेसनेही त्यांचा तसाच गौरव करावा अशी मागणी केली. वायोमिंगच्या माळावर, रेल्वेच्या सर्वांत उंच जागी, दोघा बंधूंच्या स्मरणार्थ साठ फूट उंचीचा दगडी मनोरा बांधला गेला. पुढे रेल्वेचा मार्गच तेथून हलविण्यात आला. मनोरा अद्याप उभा आहे.