वाघाटीचें पिल्लूं घरीं आणावें काय?

आमच्या नागपुरांत मांजर पाळण्याची चाल कांहीं नवी नाहीं. महालांतील जुन्या वाड्यांत धान्याच्या कोठीशेजारीं एखादें मांजर असावयाचेंच. त्याची जात कोणी विचारीत नसे, व उंदीर मारण्यापलीकडे त्याच्यापासून कोणाची अपेक्षाहि नसे. हल्लीं मात्र या हौसेस निराळें वळण लागलेलें दिसतें. अंगावर बिबळ्यासारखे ठिपके असलेलें 'बंगाल' जातीचें मांजर पुष्कळ पैसे मोजून विकत घ्यावें, अशी इच्छा मुलांच्या मनांत उत्पन्न होते. आणि ज्याला तेवढे पैसे मिळत नाहींत त्याला रानांत किंवा शेतांत सांपडलेलें ठिपकेदार पिल्लूं उचलून आणण्याचा मोह पडतो. पहिल्या इच्छेविषयीं पालकांस मी सावधगिरीचे दोन शब्द सांगणार आहें. दुसऱ्या मोहास मात्र माझा उघड विरोध आहे.

प्रथम या 'बंगाल' मांजराची कुळकथा पाहूं. नांव बंगालचें असलें तरी ही जात तयार झाली अमेरिकेंत. तिचा रानटी पूर्वज म्हणजे इंग्रजींत ज्याला लेपर्ड कॅट म्हणतात तें आपल्याकडील लहानसें रानमांजर. १७९२ सालीं रॉबर्ट कर या स्कॉटिश ग्रंथकारानें त्याला बंगालवरून लॅटिन नांव दिलें. त्याच काळांतील पेनंट नांवाच्या सृष्टिशास्त्रज्ञानें एक मोठी मौजेची हकीकत लिहून ठेविली आहे. बंगालच्या किनाऱ्याजवळ नांगरून ठेवलेल्या एका गलबतावर असलें एक मांजर पोहत येऊन चढलें. तें विलायतेस नेल्यावर तेथील घरच्या मांजरींपासून त्याला दोन वेळां पिल्लें झालीं, आणि त्यांपैकीं एकानें एका बियाणेवाल्याच्या वखारींतील उंदरांचा थोड्याच दिवसांत फडशा पाडला. म्हणजे ज्या संकराचें आज एवढें कौतुक होतें तो दोनशें वर्षांपूर्वींहि झालेला होता. फरक इतकाच कीं, त्या वेळीं त्याची किंमत उंदरांवरून ठरली, ठिपक्यांवरून नव्हे!

आजच्या जातीचा आरंभ जीन मिल या अमेरिकन बाईंनीं केला. १९६३ सालीं त्यांच्याकडे पहिला संकर झाला. पुढें मध्यंतरीं हें काम थांबलें. डॉ. सेंटरवॉल नांवाचे शास्त्रज्ञ मांजरांच्या रक्ताच्या कर्करोगासंबंधीं संशोधन करण्यासाठीं असेच संकर घडवीत असत. त्यांच्याकडून मिळालेल्या मांजरींवर बाईंनीं १९८० च्या सुमारास पुन्हा आरंभ केला. त्यांस नर हवा होता, आणि तो मिळाला कोठें? तर १९८२ सालीं आपल्या दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयांत, गेंड्याच्या आवारांत राहणारा एक बेवारशी ठिपकेदार बोका! १९८६ सालीं मार्जारप्रेमी लोकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें या जातीस मान्यता दिली. विलायती म्हणून जें मांजर आपण मिरवितों त्याच्या रक्तांत दिल्लीच्या एका बेवारशी बोक्याचा वांटा आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे घरच्या गांवठी मांजराकडेहि थोड्या आदरानें पाहावेंसें वाटतें.

आतां स्वभावाविषयीं. रानमांजरापासून पहिल्या दोनतीन पिढ्यांतील संतति भित्री व बिथरणारी असते, आणि तींतील नर बहुधा निर्बीज असतात. चौथ्या पिढीपासून पुढचें मांजर घरगुती समजतात. तेंहि स्वस्थ बसणारें नव्हे. उंच फळीवर चढावें, नळाच्या पाण्यांत पंजा घालावा, दाराची कडी उघडावी, असे त्याचे उद्योग दिवसभर चालू असतात. ज्या घरीं सारीं माणसें सकाळीं बाहेर पडून सायंकाळीं परततात, तेथें असें मांजर कोंडून ठेवणें हा त्याचा छळ आहे. शिवाय मांजर हा मांसाहारीच प्राणी आहे. मांसांत असणारें टॉरिन नांवाचें द्रव्य न मिळाल्यास त्याची दृष्टि जाते व हृदय दुर्बळ होतें. तेव्हां ज्या कुटुंबांत मांस वर्ज्य आहे त्यांनीं केवळ दूधभातावर मांजर वाढविण्याचा हट्ट धरूं नये. वैशाखांत आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत पत्र्याखालची खोली उपयोगाची नाहीं. सावलीची, वारा खेळणारी जागा व दोनतीन ठिकाणीं ताजें पाणी अवश्य हवें. पिसाळरोगाची लस वेळेवर टोंचावी, आणि पशुवैद्याकडून मांजर निर्बीज करून घ्यावें. या शेवटच्या सूचनेचा आमच्या जंगलांशींहि संबंध आहे, कारण मोकाट मांजराशीं संकर होऊन रानांतील वाघाटीचा वंश बिघडण्याची भीति आहे.

ही वाघाटी म्हणजे कोण? आपले लोक लहान ठिपकेदार रानमांजरांस सरसकट हें नांव देतात. त्यांपैकीं जिच्या अंगावर गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचे ठिपके असतात ती जगांतील सर्वांत लहान रानमांजरांपैकीं एक. तिचें वजन फार तर दीड किलो, म्हणजे घरच्या मांजराच्या निम्म्याहूनहि कमी. भारत, श्रीलंका व नेपाळ यांखेरीज ती कोठेंहि नाहीं, आणि आपल्या विदर्भांत ताडोबा व नागझिरा येथील जंगलांत तिचा वास आहे. वाघ पाहण्यासाठीं हजारों लोक तिकडे जातात. हिची आठवण किती जणांस होते कोण जाणे!

कोणी म्हणेल, "लहानपणापासून प्रेमानें वाढविलें तर तें पिल्लूं माणसाळेल." या प्रश्नाचें उत्तर प्रत्यक्ष अनुभवानें मिळालेलें आहे. रेव्ह. स्टीफन हिस्लॉप यांनीं नागपुरांत १८४६ सालीं शाळा उघडली. त्याच वर्षीं दक्षिणेंत डॉ. जर्डन या प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञाकडे याच जातीचें एक कोंवळें पिल्लूं आलें. तें चांगलें माणसाळलें. त्याची चपळाई व खेळ पाहून जो तो खूष होई. आठ महिन्यांचें झाल्यावर त्याला एका खोलींत सोडलें. तेथें चिंकाऱ्याचें एक पाडस होतें. तें दृष्टीस पडतांच या चिमुकल्या प्राण्यानें झेप घेऊन त्याची मान धरली व मोठ्या प्रयासानेंच ती सोडविली गेली. पुढें लवकरच तें पिल्लूंहि डॉक्टरांच्या हातचें गेलें. जर्डनसाहेबांएवढें प्राण्यांचें ज्ञान आपणांपैकीं कितीकांस आहे?

शिवाय कायदाहि आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत हीं दोन्ही रानमांजरें आहेत, आणि त्या कायद्यांत 'शिकार' या शब्दांत जिवंत पकडणेंहि येतें. त्याची शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची आहे. 'मुलानें हौसेनें आणलें' हें उत्तर तेथें पुरणार नाहीं.

शेतांत अशीं पिल्लें दिसलीं म्हणजे तीं टाकून दिलेलीं आहेत असा बहुतेकांचा समज होतो. वस्तुतः त्यांची आई जवळपासच असते. माणसांची वर्दळ थांबेपर्यंत ती समोर येत नाहीं इतकेंच. पुणें जिल्ह्यांत जुन्नरकडे उसाची तोड चालू असतां वाघाटीचीं पिल्लें पुष्कळदां सांपडतात. तेथील वनखात्याचे लोक पशुवैद्याकडून तीं तपासून घेतात, सायंकाळीं ज्या जागीं सांपडलीं तेथेंच एका पेटींत ठेवितात, आणि दूर जाऊन कॅमेऱ्यानें पाहत राहतात. आपल्याकडेहि असा प्रसंग आल्यास पिल्लांस हात न लावतां तेवढ्या भागांतील काम थांबवावें व वनखात्यास कळवावें. जखमी असेल तर सेमिनरी हिल्सवर त्या खात्याचें उपचारकेंद्र आहे. जुन्नरकडे अंधार पडल्यावर आई येते, पेटी हुंगते, आणि एकेक पिल्लूं मानेला धरून उचलून नेते.