भोक नेमकं कुठे पाडायचं?

मंडळी, बरेच दिवस इकडे फिरकले नाही. फेब्रुवारीपासून ऑस्लोला मुलाकडे आहे. तब्येत ठीक आहे, थंडी भरपूर आहे, आणि सूनबाई मला घराबाहेर एकटीला सोडत नाही. (बडोद्याच्या वन्संनी फोनवर विचारलं, "पडलीबिडली नाहीस ना?" नाही हो, अजून तरी नाही.) पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. गेले पंधरा दिवस आमच्या घरात एक वाद चालला होता. स्कीला भोक कुठे पाडायचं हा तो वाद! मला त्यातलं काय कळणार, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. पण चाळीस वर्षं भूमिती शिकवलेल्या बाईला गप्प बसवणं सोपं नसतं.

आधी थोडं समजावून सांगते. बर्फावरून घसरायच्या त्या लांब पट्ट्या आपण सिनेमात पाहिलेल्या असतात. उतारावरच्या नेहमीच्या प्रकारात बूट पुढून आणि मागून पक्का जखडलेला असतो. टेलेमार्क नावाच्या प्रकारात मात्र बूट फक्त बोटांकडे धरलेला असतो, टाच मोकळी. वळताना एक पाय पुढे सरकतो, मागचा गुडघा वाकतो आणि मागची टाच उचलली जाते. वर्गात पडलेला खडू उचलायला आपण एक पाय पुढे टाकून वाकतो ना, साधारण तसं. बूट धरणाऱ्या या खटक्याला बाइंडिंग म्हणतात आणि ते स्कूनं स्कीवर बसवावं लागतं.

टेलेमार्क हे इथल्या एका प्रांताचं नाव. तिथल्या मोर्गेदाल गावचे सोंद्रे नूरहेम (१८२५-१८९७) हे या कलेचे आद्यपुरुष मानले जातात. ते विलोच्या लवचिक फांद्या पिळून टाचेमागून बांधत, त्यामुळे टाच उचलता येई आणि तरी स्की पायातून निसटत नसे. १८६८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी ख्रिस्तियानियात (म्हणजे आजच्या ऑस्लोत) स्पर्धेत उतरून शहरातल्या लोकांना थक्क केलं. पुढे १८८४ मध्ये कुटुंबासह अमेरिकेला गेले आणि तिकडेच वारले. १९५२ साली इथं हिवाळी ऑलिंपिक झालं तेव्हा ज्योत पेटवली ती त्यांच्या मोर्गेदालच्या लहानशा घरातल्या चुलीत. मधे ही पद्धत मागे पडली होती, १९७० च्या दशकात कोलोराडोतल्या तरुणांनी ती पुन्हा उचलली. असो. इतिहासात शिरले की मला थांबता येत नाही.

तर आमची नात. वय एकोणीस. गेल्या वर्षी सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून तिनं स्की घेतल्या आणि एका दुकानातून बाइंडिंग बसवून आणलं. संपूर्ण मोसम ती पडत राहिली. सपाट केलेल्या कडक बर्फावर ठीक, पण मऊ बर्फात शिरली की मागच्या स्कीचं टोक खाली घुसायचं आणि ही तोंडावर. यंदा ती म्हणाली, "आजी, मला हे जमणारं नाही. मी विकून टाकते आणि पुन्हा टाच बांधूनच खेळते." हे ऐकून मला माझा एक विद्यार्थी आठवला. गणितात सतत नापास. सगळे ढ म्हणायचे, मीही म्हटलं असेल. शेवटी कळलं, शेवटच्या बाकावरून त्याला फळाच दिसत नव्हता. चष्मा आल्यावर तो पासही झाला आणि माझ्या मनात कायमची एक टोचणी ठेवून गेला.

म्हणून मी म्हटलं, आण त्या स्की इकडे, आणि टेपही आण.

स्कीच्या मधे कारखान्यानं एक बारीक रेघ छापलेली असते. बुटाच्या तळव्याचा मध्य या रेघेवर यावा अशी अपेक्षा. दुकानदारानं नेमकं तेच केलं होतं आणि मुलाचंही मत तेच, "आई, बनवणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. शिवाय रेघेवर बसवलेली स्की विकताना किंमत बरी येते." दुसरी रीत जुनी. स्कीच्या शेपटीपासून टोकापर्यंत सरळ रेषेत अंतर घ्यायचं, त्याचा मध्य काढायचा, आणि बाइंडिंगमधल्या तीन खिळ्यांची ओळ त्या मध्यावर आणायची. (जुन्या धाटणीच्या बुटाला पुढे बदकाच्या चोचीसारखी चपटी पट्टी असते, तिच्या भोकांत हे खिळे बसतात. २००७ नंतर आलेल्या नव्या पद्धतीत चोच नाही, पण नातीचे बूट जुन्या धाटणीचे आहेत.) तिसरी त्याहून जुनी रीत म्हणजे स्की बोटावर तोलायची आणि तोल साधेल तिथं खिळे. सपाटीवर मैलोन्‌मैल चालणाऱ्यांना ती सोयीची, कारण पाय उचलला की टोकही लोंबत नाही आणि शेपटीही नाही.

मुलानं टेप लावली आणि म्हणाला, १७२. मी पाहिलं तर त्यानं टेप स्कीच्या वळलेल्या टोकावरून वळवत नेली होती! "अरे, हा कंस मोजलास. जीवा मोज, जीवा!" इंजिनिअर झाला तरी आठवीची भूमिती विसरला. सरळ मोजल्यावर १७० आले. म्हणजे मध्य ८६ वर नाही, ८५ वर. एक सेंटिमीटरचा फरक इथं फरक असतो.

मग मी वहीत आकडे मांडले. सगळी अंतरं शेपटीपासून. कारखान्याची रेघ ७६ सेंमीवर. बुटाचा तळवा २९, त्याचा अर्धा साडेचौदा, म्हणजे बुटाचं नाक साडेनव्वदवर, आणि खिळ्यांची ओळ त्याच्या सेंटिमीटरभर मागे, साडेएकोणनव्वदवर. जीवेच्या मध्यापेक्षा तब्बल साडेचार सेंमी पुढे! आता नातीला बूट घालून मागचा गुडघा वाकवून उभं केलं आणि चवडा कुठे टेकतो तिथं खडूनं खूण केली. खिळ्यांपासून साधारण ८ सेंमी मागे. म्हणजे मागच्या पायाचा सगळा भार साडेएक्याऐंशीवर, कारखान्याच्या रेघेच्या बराच पुढे. टोक बर्फात घुसेल नाहीतर काय होईल?

माझं मत इथं तयार झालं. ती छापलेली रेघ टाच बांधलेल्या माणसासाठी आहे. त्याचा भार अख्ख्या तळव्यावर असतो, म्हणून तळव्याचा मध्य बघायचा. टाच मोकळी सोडली की मागचा पाय चवड्यावर उभा असतो. तो चवडा कुठे येतो हे कोणी विचारलंच नाही. खिळे ८५ वर घेतले तर चवडा ७७ वर, जवळजवळ रेघेवर. जुन्या लोकांची रीत आंधळी नव्हती!

पण म्हणून सरळ ८५ वर जा, असंही मी म्हणणार नाही. नातीनंच अडवलं. "आजी, पुढचा पाय मात्र पूर्ण टेकलेला असतो, आणि दर वळणाला पाय बदलतात." खरंच की. पुढच्या पायाला तळव्याचा मध्य रेघेवर हवा, मागच्याला चवडा, आणि भोक तर दोघांना एकच. फार मागे गेलं की वळण सुरू करताना टोक जड लागतं आणि कडक बर्फावर ते फडफडतं. फार पुढे असलं की स्की चटकन वळते, पण मऊ बर्फात बुडते. त्यामुळे उत्तर मधेच कुठेतरी आहे आणि ते तुम्ही कुठल्या बर्फावर जाता यावर ठरतं. ही पोरगी ईस्टरला डोंगरात भटकणारी. तिच्यासाठी मी ८७ म्हटलं. रेघेच्या हिशेबापेक्षा अडीच सेंमी मागे. फक्त कडक, सपाट केलेल्या उतारावर खेळणाऱ्याला मी ८८ सांगितलं असतं. आणि विकताना येणाऱ्या किमतीवरून आज भोक पाडणं मला साफ नामंजूर आहे. जी वस्तू पायात घालून पोरगी रडते तिची किंमत काय धरायची?

मुलगा दोन दिवस फुगून बसला. मग स्वतःच तळघरात गेला. जुनी भोकं प्लास्टिकच्या बुचांनी डिंक लावून बंद केली, नाहीतर पाणी आत शिरून लाकडी गाभा कुजतो. कागदी साचा चिकटवून जुन्या आणि नव्या भोकांत किमान एक सेंटिमीटर राहतंय ना हे मला दाखवलं. त्याहून जवळ गेलं की स्कूची पकड जाते. मी जोड्यातल्या दोन्ही स्कींवर शेपटीपासून पुन्हा मोजून पाहिलं, कारण एक मागे आणि एक पुढे झाली तर कपाळमोक्ष. पंचनं खूण, ड्रिलच्या पात्याला ९ मिमीवर चिकटपट्टी, म्हणजे आरपार जायला नको. पहिलं भोक पाडताना तिघांनीही श्वास धरला होता.

परवा आम्ही टेकडीवर गेलो. मी खाली बाकावर ब्लँकेट पांघरून. नात वरून आली, मऊ बर्फात सात-आठ वळणं नीट घेतली, नवव्याला पडली. उठून हसत आली आणि म्हणाली, "ही माझी चूक होती आजी, भोकाची नाही."

संध्याकाळी मुलगा स्वतःची जुनी जोडी काखोटीला मारून माझ्या खोलीत आला. "आई, झोपायच्या आधी जरा माझी पण जीवा काढतेस का?"