देवापुढचा तिळगूळ

आज मकरसंक्रांत. सुगडांची पूजा होईल, देवापुढे तिळगूळ ठेवला जाईल आणि सायंकाळी मुले डबी घेऊन शेजारीपाजारी निघतील. "तिळगूळ घ्या, गोड बोला" हे ती थोरांना सांगत असतात, याकडे आपले लक्षच जात नाही.

कित्येक सुसंस्कृत घरांत भांडण ऐकू येत नाही. तेथे अबोला असतो. "बाबांना सांग, पान वाढलं आहे," "आईला सांग, भूक नाही," असे निरोप सात-आठ वर्षांचे पोर एकाच खोलीत पोहोचवीत असते. आवाज चढला नाही म्हणजे मूल सुखरूप, अशी वडीलधाऱ्यांची समजूत. मुलाला सारे जाणवते. कारण न कळल्याने ते अनेकदा दोष स्वतःकडे घेते. तान्ह्यांनाही यातून सुटका नाही. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखविले की, ज्यांच्या घरी आईवडिलांचे वाद अधिक, अशा सहा ते बारा महिन्यांच्या बाळांचा मेंदू झोपेतही रागीट स्वराने अधिक चाळवतो. आज आपण बोरनहाण घालू ती बाळे साधारण याच वयाची!

भांडूच नये, असे आम्ही म्हणत नाही. शिवपार्वतींच्या रुसव्याच्या कथा आपण भक्तिभावाने ऐकतोच. मार्क कमिंग्ज या मानसशास्त्रज्ञास आढळले की, मोठ्यांचा वाद मिटलेला पाहिला म्हणजे मुलांची अस्वस्थता पुष्कळ ओसरते. आपल्याकडे वाद माजघरात होतो आणि समेट बंद दाराआड. मुलाच्या वाट्याला पहिला अर्धाच भाग येतो.

समेट शिकता येतो. तक्रार कृतीची करावी, माहेराची नव्हे. राग अनावर झाल्यास थांबावे, पण पुन्हा केव्हा बोलायचे ते सांगून. कॅलिफोर्नियात फिलिप व कॅरोलिन कोवन या दांपत्याने शाळेत जाऊ लागलेल्या मुलांच्या आईवडिलांचे १६ आठवड्यांचे गट चालविले. दहा वर्षांनंतरही त्या मुलांच्या वागणुकीत त्याचा लाभ दिसला. मात्र जेथे हात उगारला जातो, तेथे गोड बोलण्याचा उपदेश हा अन्यायच. तेथे कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे.

रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालेल, पण ते स्त्रियांचे. देवस्थानांनी सभामंडपातील एखादी सायंकाळ जोडप्यांसाठी राखावी, जाणत्या समुपदेशकास बोलवावे, अशी आमची सूचना आहे. पुरुषांनी वेळ नसल्याची सबब सांगू नये. कीर्तनाला, मागच्या खांबाला टेकून का होईना, ते बसतातच.