काच फुटली की बोट फुटपाथकडेच का?

'कारची काच फोडून लॅपटॉप लंपास.' पुण्याच्या पेपरांत आतल्या पानावर ही चार ओळींची बातमी वरचेवर दिसते. इंटर्न म्हणून डेस्कवर बसायला लागले तेव्हा सगळ्यात आधी मला अशीच बातमी लिहायला दिली होती. वेळ, ठिकाण, मुद्देमालाची किंमत, फिर्याद कुणी दिली, तपास कोण करतंय. विषय संपला. वाचणारा 'अरेरे' म्हणतो आणि पान उलटतो. मीही तेच करायचे. मग एका रात्री ती बातमी आमच्याच घरात आली.

माझं गाव वैराग, तालुका बार्शी. मामा त्याच्या तपासण्यांसाठी गाडी घेऊन पुण्याला आला होता. डिकीत माझ्यासाठी ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा डबा. मागच्या सीटवर त्याच्या रिपोर्टची फाइल आणि माझी सॅक. सॅकमध्ये लॅपटॉप, लॅपटॉपमध्ये शेवटच्या सेमिस्टरचं अख्खं प्रोजेक्ट. मध्यवस्तीतल्या एका उड्डाणपुलाजवळ गाडी लावली आणि आम्ही जेवायला गेलो. पाऊण तासाने परत आलो तर मागची काच रस्त्यावर खडीसाखरेसारखी पसरलेली. सॅक नाही, फाइलही नाही.

११२ ला फोन केला. दोन पोलीस आले, आणि लवकर आले हेही सांगायला हवं. हवालदारांनी विचारलं, "कुणावर संशय?" मी काहीही पाहिलेलं नव्हतं, तरी माझं बोट आपोआप उड्डाणपुलाखाली गेलं. तिथे एक कुटुंब झोपलं होतं. एक म्हातारे बाबा, त्यांचा मुलगा, सून आणि दोन लहान पोरं. "ते तिथंच असतात," मी म्हणाले. एवढं एक वाक्य पुरलं.

बाबांना उठवलं. नाव विचारलं, गाव विचारलं, मग जात विचारली. त्यांनी 'पारधी' सांगितलं आणि आवाजच बदलला. "चल, गाडीत बस." मुलालाही बसवलं. सून काही बोलली नाही, तिने फक्त पोरांना जवळ ओढलं. त्या वेळी मला बरंच वाटलं होतं. काहीतरी ॲक्शन होतेय असं वाटलं.

सकाळी आम्ही चौकीत गेलो तर दोघं बाकावर बसलेले, रात्रभर. मामाचं बोलणं ऐकून बाबांनी विचारलं, "पाव्हणं, कुठलं गाव?" मामा म्हणाला, "वैराग." "मग आपल्याच भागातलं की. आमची थोरली लेक पांगरीत दिलीया." मामा खाली बघत राहिला. मीपण. पुण्यात येऊन मी जशी कॉट बेसिसवर राहते, तसेच ते पुलाखाली राहतात. फरक एवढाच, की माझ्याकडे भाडं आहे.

दुपारी जवळच्या दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज बघितलं. मोटारसायकलवर दोघं आले, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. एकाने काचेवर काहीतरी मारलं, दुसऱ्याने सॅक उचलली. एक मिनिटही लागलं नाही. बाबांना 'जा' म्हणून सांगितलं. सॉरी कुणीच म्हणालं नाही. त्यात मीही आले. दोन दिवसांनी मी पुलाखाली गेले तर जागा रिकामी होती. पलीकडच्या चहावाल्याने सांगितलं, अतिक्रमणवाल्यांची गाडी आली आणि चूल, अंथरूण सगळं उचलून घेऊन गेली.

हे रडगाणं म्हणून सांगत नाहीये. आपल्या शहरांत गुन्हा झाला की पुढे काय होतं, ते या दोन दिवसांत मला जसं दिसलं तसं कुठल्याच लेक्चरमध्ये दिसलं नव्हतं. म्हणून आता मुद्द्याचं बोलू.

पहिली गोष्ट, काच फुटणं ही किरकोळ गोष्ट नाही. लॅपटॉप गेला म्हणजे स्टुडंटचं वर्ष अडकतं. मामाची फाइल गेली म्हणजे तपासण्यांचा खर्च पुन्हा. तरीही बऱ्याचदा तक्रार घेताना सुचवलं जातं, "चोरी कशाला, गहाळ झालं म्हणून लिहून द्या, लगेच दाखला मिळेल." आपल्यालाही घाई असते, आपण 'बरं' म्हणतो. पण 'गहाळ' लिहिलं की गुन्हाच घडलेला नसतो. मग तपास कशाचा करणार? लॅपटॉपची चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच सांगितलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात नकार मिळाला तर वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करता येतो.

दुसरी गोष्ट, काचा फोडणारे कोण असतात? पोलिसांनी उघडकीस आणलेल्या गुन्ह्यांच्या बातम्या वाचल्या की एक पद्धत दिसते. बेचकीतून छर्रा मारायचा, 'ऑइल गळतंय' किंवा 'पैसे पडलेत' सांगून ड्रायव्हरला खाली उतरवायचं, दुचाकीवरून पसार व्हायचं. याला दुचाकी लागते, साथीदार लागतो आणि चोरीचा लॅपटॉप विकत घेणारा लागतो. जो माणूस रोज रात्री त्याच पुलाखाली झोपतो, ज्याचा चेहरा चहावाल्यापासून बीट मार्शलपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, त्याने दहा पावलांवरची काच फोडून पुन्हा तिथेच येऊन झोपावं, हे लॉजिक जरा तपासून बघा ना. फुटपाथवरचा कुणीच कधी चोरी करत नाही असं मी म्हणत नाही. बंगल्यात राहणारा करत नाही असंही म्हणता येत नाही. कुणीही केली असेल तर पुरावा काढा आणि पकडा. गरिबी हा पुरावा होत नाही आणि जात तर नाहीच नाही.

जातीचं का म्हणते? १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जमातींत जन्माला आलं की माणूस कायद्यानेच गुन्हेगार. आपल्या सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवणारी मोठी वसाहत होती. आजही तो भाग 'सेटलमेंट' म्हणूनच ओळखला जातो. बार्शी-वैरागची मुलं ते नाव सहज घेतात, पण ते कुठून आलं हे बहुतेकांना माहीत नसतं. मलाही नव्हतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण कुंपण निघालं तरी संशय राहिला. तुरुंगातल्या जातिभेदावर सुकन्या शांता या पत्रकाराने केलेल्या बातमीदारीतून एक याचिका उभी राहिली. त्यावर ३ ऑक्टोबर २०२४ ला निकाल देताना सुप्रीम कोर्टाने विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये, यासाठी पोलिसांनी आधीच्या निकालांतले नियम पाळावेत असंही बजावलं. एका बातमीने एवढं होऊ शकतं, हे जर्नालिझमच्या स्टुडंटने लक्षात ठेवावं. आणि एका बोटाने काय होतं, तेही.

तिसरी गोष्ट पोलिसांची. त्यांच्यावर लोड आहे हे खरंय. आज गणपती, उद्या व्हीआयपी, परवा मॅच. बंदोबस्त संपत नाही. पण वेळ कमी आहे म्हणून तो कुठे वापरला जातो, हाच तर प्रश्न आहे. पुण्यात गाड्यांची तोडफोड करणाऱ्या पोरांची त्याच गल्लीतून धिंड काढल्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितलेत. लाइक्स भरपूर येतात. पण शिक्षा कोर्टात होते आणि ती पुराव्यावर होते, रीलवर होत नाही. 'बसवून ठेवणं' हा शब्द प्रत्येक चौकीत ऐकू येतो, पण कायद्याच्या पुस्तकात तो नाही. अटक केली तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. आमच्या केसमध्ये दोन निरपराध माणसं रात्रभर बाकावर होती आणि फुटेज दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं गेलं. ते रात्रीच बघितलं असतं तर? खरे चोर तेवढे तास पुढे निघून गेले.

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोत हा प्रॉब्लेम आपल्यापेक्षा कितीतरी मोठा होता. एकट्या २०१७ मध्ये तिथे गाड्या फोडल्याच्या तीस हजारांहून जास्त तक्रारी नोंदल्या गेल्या. लोक गाडीवर 'आत काही नाही' अशा चिठ्ठ्या लावायचे. २०२३ पासून पोलिसांनी आमिष म्हणून गाड्या उभ्या केल्या, टोळ्यांवर पाळत ठेवली, आणि २०२४ मध्ये तक्रारी झपाट्याने कमी झाल्या. त्याच वर्षी तिथल्या सुप्रीम कोर्टाने उघड्यावर झोपणाऱ्यांना दंड करायची मुभा शहरांना दिली. पण दंड केल्याने झोपायला छप्पर मिळत नाही. टोळी पकडणं आणि बेघराला हाकलणं ही दोन वेगळी कामं आहेत. एक केलं म्हणजे दुसरं झालं असं होत नाही.

आता छपराचंच बघू. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून जास्त लोक बेघर होते. पाच लाखांवर वस्तीच्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलं. पुणे महापालिकेची २०११ ची लोकसंख्या ३१ लाख. म्हणजे जुन्या हिशेबानेही एकतीस निवारे. तुमच्या कॉलेजजवळचा निवारा कुठे आहे, सांगता येईल? मला आलं नव्हतं. उलट १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आपल्याकडे अजून आहे. त्यात पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि माणूस सार्वजनिक जागी भटकतोय, एवढ्यावरही त्याला पकडता येतं. दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये याच कायद्यातल्या भीक मागणं गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी तिथल्यापुरत्या रद्द केल्या. आपण त्यावर कधी बोलणार?

आणि रस्त्यावर झोपणारा माणूस धोकादायक असतो असं आपल्याला वाटतं, तेव्हा वाघोली आठवावी. २३ डिसेंबर २०२४ ला मध्यरात्रीनंतर केसनंद फाट्यावर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढला. तिघं गेले, त्यातली दोन तर तान्ही लेकरं. कामासाठी अमरावतीहून आलेली माणसं होती ती. आपली काच फुटली तर चार ओळींची बातमी होते. त्यांचं घर म्हणजे ती फरशी, तिला काचही नसते.

मग आपण करायचं काय? फार मोठं नाही. गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नका, डेटाचा बॅकअप ठेवा, हे तर झालंच. चोरी झाली तर 'गहाळ' लिहून देऊ नका, एफआयआरच मागा. आसपासच्या दुकानांतलं फुटेज पुसलं जाण्याआधी मिळवायला लावा. पोलिसांनी 'कुणावर संशय?' विचारलं आणि तुम्ही काही पाहिलं नसेल, तर सरळ सांगा, "मी पाहिलं नाही." हे तीन शब्द त्या रात्री मला सुचले असते तर एक म्हातारा माणूस रात्रभर बाकावर बसला नसता. तो आमचा साक्षीदार होऊ शकला असता. त्या पुलाखाली जागं असणारं कदाचित तेच एक कुटुंब होतं. मोटारसायकल कुठून आली, कुठे वळली, हे त्यांना कुणी विचारलंच नाही.

लॅपटॉप अजून मिळालेला नाही. एफआयआरची प्रत माझ्याकडे आहे, दर आठवड्याला मी तपासाचं विचारते. प्रोजेक्ट पुन्हा लिहिलं, विषय बदलून. मामा परत जाताना म्हणाला, "काच बसवली गं, दोन तासांत झाली. त्या बाबाचं काय?" बार्शीला गेले की पांगरीत चौकशी करणार आहे. थोरली लेक तिथे दिलीय, एवढाच पत्ता आहे. भेटले तर आधी सॉरी म्हणायचं आहे.