वहीत नसलेले खाते

आपल्या समाजाचा लौकिक हिशेबावर उभा आहे. रोजकीर्द त्याच दिवशी लिहावी, खतावणी चोख ठेवावी, पैची चूक राहिली तरी ती सापडल्यावाचून वही मिटू नये, ही वाडवडिलांची शिकवण होय. अडत्याचे येणे, बँकेचे देणे, वखारीतील पोत्यांची संख्या हे सारे आपल्या वहीत सापडते. एकच खाते मात्र अनेक पेढ्यांच्या वहीत सापडत नाही. ते म्हणजे घरातील स्त्रीच्या धनाचे. ही उणीव लहान नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लग्नात मुलीच्या अंगावर सोने घातले जाते, माहेरची माणसे व नातलग आहेर करितात. पुढे हंगाम येतो. निपाणीस तंबाखूची किंवा सांगलीस हळदीची खरेदी करावयाची असते आणि भांडवल कमी पडते. तेव्हा कपाटातील सोने तारण जाते अथवा मोडले जाते, व ती रक्कम मालकाच्या भांडवलात मिसळून जाते. धंदा वाढला तर श्रेय पेढीचे. बुडाला तर सोनेही बुडाले. त्रयस्थाकडून उसनी रक्कम घेताना आपण चिठ्ठी लिहून देतो आणि व्याजही मोजतो. घरच्या स्त्रीचे दहा तोळे घेताना मात्र एक ओळही लिहिण्याची गरज आपणांस वाटत नाही.

कायद्याची भूमिका याबाबत निःसंदिग्ध आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा हे दोन्ही जैनांस लागू आहेत. त्यांपैकी दुसऱ्याच्या १४ व्या कलमाने स्त्रीधनावर स्त्रीची पूर्ण मालकी मानली आहे. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, स्त्रीधन सासरी ठेवल्याने ते पती-पत्नींच्या सामाईक मालकीचे होत नाही. ते परत देण्याचे नाकारणे हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. २०२४ साली केरळातील एका दांपत्याच्या दाव्यात त्याच न्यायालयाने हे तत्त्व पुन्हा मांडले. अडचणीच्या वेळी पतीने पत्नीचे धन वापरले तरी ते किंवा त्याचे मूल्य परत करण्याचे नैतिक बंधन त्याजवर राहते, असे सांगून ८९ पवन सोन्यापोटी २५ लाख रुपये देण्याचा आदेश झाला. विवाह २००३ चा आणि अंतिम निकाल २०२४ चा! सोने कोणी, केव्हा, कोणाच्या स्वाधीन केले, हाच त्या वादाचा गाभा होता. वेळीच लिहिलेली दोन पाने असती तर इतका काळ लागला असता काय, याचा विचार प्रत्येकाने करावा.

यावर आक्षेप ठरलेला आहे. "घरात हिशेब आला की विश्वास गेला," असे वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही विचारतो, सख्खे भाऊ भागीदार असताना प्रत्येकाचे खाते वेगळे नसते काय? त्याने बंधुप्रेम आटते, असे आपण कधी म्हटले नाही. उलट, ज्या भावांची खाती स्वच्छ असतात त्यांचे प्रेम टिकते, हा बाजारपेठेचा अनुभव आहे. मग जी आयुष्याची भागीदार, तिच्याच बाबतीत हिशेब म्हणजे अविश्वास कसा?

घटस्फोट हा शब्द शुभप्रसंगी उच्चारू नये हे खरे. परंतु तो आपल्या घरांतही शिरला आहे, हे नाकारून चालणार नाही. संसार मोडण्याचे दुःख खाते ठेवल्याने टळत नाही; पण त्या दुःखावर सोन्याचा तंटा चढत नाही. दोन्ही घरांची अब्रू आणि मुलांचे मन त्यामुळे काही अंशी तरी वाचते. पतीच्या अकाली निधनानंतर धनको दारात उभे राहतात, त्या वेळीही हीच नोंद विधवेच्या उपयोगी पडते.

यासाठी तीन गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवितो. पहिली, विवाहसमयी मिळालेल्या भेटींची यादी करावी. हुंड्यास कायद्याने बंदी आहे. परंतु स्वखुशीने दिलेल्या भेटींची यादी वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत व देणाऱ्याचे नाव यांसह करून तीवर वधूवरांनी सह्या कराव्यात, असा १९८५ चा नियमच आहे. दुसरी, पत्नीचे धन पेढीत घ्यावयाचे तर तिच्या संमतीने घ्यावे, तिच्या नावाच्या खात्यात जमा करावे व त्यावर व्याज द्यावे. ही रक्कम तिच्या माहेरची की पतीनेच दिलेली, हे नोंदीत स्पष्ट असावे. कारण पतीने दिलेल्या धनाचे उत्पन्न आयकरात सामान्यतः पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. तिसरी, १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याच्या ६ व्या कलमान्वये पत्नी व मुलांच्या लाभासाठी आयुर्विमा उतरवावा. असा विमा धनकोंस फसविण्याच्या हेतूने उतरविलेला नसेल, तर पेढी बुडाली तरी त्यास धनकोंचा हात लागत नाही. त्या कलमात जैनांचा नावानिशी उल्लेख आहे.

बेळगावकडील ज्या घरांचे गोव्याशी सोयरसंबंध आहेत, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेल्या तेथील नागरी कायद्यात, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नींची संपत्ती सामान्यतः सामाईक मानली जाते आणि प्रत्येकाचा वाटा निम्मा असतो. घाटाच्या वरचा आणि खालचा नियम असा निराळा आहे. म्हणून गोव्याशी सोयरीक ठरविताना जाणत्या वकिलाचा सल्ला आधीच घ्यावा.

अचौर्य हे आपल्या पाच व्रतांपैकी एक. जे दिलेले नाही ते घेऊ नये, एवढाच त्याचा साधा अर्थ. हे व्रत आपण दुकानाच्या गादीवर पाळतो. उंबरठ्याच्या आतही ते पाळावयास हवे. वीरनिर्वाणाच्या दिवशी आपण नव्या वहीचे पूजन करितो. येत्या दीपावलीस त्या वहीत एक पान घरच्या लक्ष्मीच्या नावाने उघडावे, आणि त्यातील पहिली नोंद तिच्या समक्ष, तिला वाचून दाखवून लिहावी, एवढीच आमची सर्व सभासद बंधूंस विनंती आहे.