विश्वस्ताची खुर्ची

टेक्सासमधील जॉर्डनटन या गावच्या न्यायालयात 1966 साली पीट तिहेरिना नावाचे सॅन अँटोनियोचे एक वकील, अपघातात पाय गमावून बसलेल्या एका मेक्सिकन-अमेरिकन बाईंच्या वतीने नुकसानभरपाईचा दावा घेऊन उभे राहिले, तेव्हा ज्यूरीच्या यादीत स्पॅनिश वळणाची नावे त्यांना दोनच आढळली. आणि चौकशीअंती असे निष्पन्न झाले की, त्यांतील एक गृहस्थ पूर्वीच निवर्तलेले असून दुसरे त्या देशाचे नागरिकच नव्हते. यादी रीतसर होती, दप्तरी दाखल होती. फक्त तिच्यात बाईंच्या समाजाचा एकही जिवंत आणि हक्कदार माणूस नव्हता. ही हकीकत तिहेरिना पुढे सांगत असत, आणि त्यांनी केलेल्या खटाटोपाचे फळ म्हणून 1968 साली, फोर्ड प्रतिष्ठानाने पाच वर्षांसाठी दिलेल्या 22 लाख डॉलरांच्या देणगीवर, ‘मेक्सिकन अमेरिकन लीगल डिफेन्स अँड एज्युकेशनल फंड’, संक्षेपाने ‘माल्डेफ’, ही संस्था सॅन अँटोनियो येथे उभी राहिली.

प्रारंभीच ही हकीकत देण्याचे कारण असे की, अमेरिकेतील हिस्पॅनिक समाजाच्या पुढाऱ्यांनी लोकोपयोगी संस्थांच्या मंडळांवर बसावे की न बसावे या वादात जे आक्षेप घेतले जातात, त्यांतील सर्वांत मर्मभेदक आक्षेप नेमका हाच आहे: मंडळावरील त्यांची नावे म्हणजे त्या ज्यूरीच्या यादीतील नावे, कागदावर आहेत, पण बोलणारा माणूस त्यांच्यामागे नाही. इतर आक्षेप याच्याच पोटातून निघतात. मंडळावर बसणारा मनुष्य कोणी निवडून दिलेला नसतो, मग तो समाजाच्या नावाने बोलतो कोणत्या अधिकाराने? संस्थेचा पैसा धनिकांच्या प्रतिष्ठानांकडून येतो, मग त्या पैशाविरुद्ध तो बोलणार कसा? आणि दुसऱ्या टोकाकडून, जरा प्रतिष्ठित स्वरात, असेही विचारले जाते की, हिशेब, कायदा आणि व्यवहार जाणणारी माणसे उपलब्ध असताना मंडळाच्या नेमणुकीत समाजाचा विचार मुळी करावाच कशाला?

उत्तरास हात घालण्यापूर्वी हे मंडळ म्हणजे काय वस्तू आहे ते पाहिले पाहिजे, कारण या वादातील निम्मा गोंधळ त्या अज्ञानाचा आहे. अमेरिकेतील अशी संस्था म्हणजे राज्याच्या सनदेने स्थापन झालेला, परंतु मालक आणि भागधारक नसलेला एक कायदेशीर देह असतो; करकायद्याच्या 501 कलमाच्या ‘सी’ पोटकलमातील तिसऱ्या परिच्छेदाखाली तिला करमाफी मिळते, आणि त्या माफीच्या मोबदल्यात निवडणुकीतील कोणत्याही उमेदवाराची बाजू घेण्यास तिला 1954 पासून मनाई आहे. या देहाचा जीव मंडळात असतो. मुख्याधिकाऱ्याची नेमणूक आणि बडतर्फी, अंदाजपत्रकाची मंजुरी, हिशेबतपासनिसाचा अहवाल ऐकून घेणे, जमीनजुमल्याच्या दस्तऐवजांना संमती देणे ही कामे मंडळाची. आणि ही सारी कामे बहुधा बिनपगारी. आपल्याकडे सार्वजनिक न्यासाच्या विश्वस्तांवर जी जबाबदारी असते, तीच थोड्याफार फरकाने तिथे असते: दक्षतेने वागावे, स्वार्थ मध्ये आणू नये, आणि संस्थेच्या घोषित उद्देशाबाहेर जाऊ नये. ज्यांनी असल्या मंडळाची एक तरी बैठक पाहिली असेल, त्यांस ठाऊक असेल की तिथे भाषणाला फारसा वाव नसतो; जमाखर्चाचा तक्ता पुढे येतो, आणि तो वाचता येणारा मनुष्य त्या खोलीत खरा वजनदार ठरतो.

आता पहिला आक्षेप. पंधरा जणांच्या मंडळावर एक हिस्पॅनिक गृहस्थ नेमला, वार्षिक अहवालात त्याचे छायाचित्र छापले, आणि अनुदानाच्या अर्जातील ‘समाजाचा सहभाग’ हा रकाना त्याच्या नावाने भरला, असे घडत नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. ते घडते, आणि असल्या प्रसंगी त्या गृहस्थाची किंमत दिवाणखान्यातील तसबिरीपेक्षा अधिक नसते. परंतु यावरून निष्कर्ष काय काढावयाचा? ज्यूरीच्या यादीत मृताचे नाव निघाले म्हणून तिहेरिना यांनी ज्यूरीची पद्धतच मोडून टाका अशी मागणी केली नाही. यादीत जिवंत माणसे घाला, अशी मागणी त्यांनी केली. 1968 मध्येच ॲरिझोनातील फीनिक्स येथे ज्यूलियन समोरा, एर्नेस्तो गालार्सा आणि हर्मन गायेगोस यांच्या प्रयत्नांनी ‘साउथवेस्ट कौन्सिल ऑफ ला रासा’ ही दुसरी संस्था निघाली. तीच पुढे राष्ट्रीय परिषद झाली आणि 2017 पासून ‘युनिदोसयूएस’ या नावाने ओळखली जाते. या संस्थेच्या मंडळावर त्या काळी बहुतेक सारे हिस्पॅनिकच होते. म्हणजे शोभेच्या एकट्या माणसाचा प्रश्नच नाही. तरीही 1973 मध्ये तिच्या मंडळावरील स्त्रियांनी पुरुषांच्या बरोबरीच्या जागांची मागणी केली आणि ती मिळवली. स्वजातीयांच्या मंडळातही आपण तसबिरी होऊन बसलो आहोत हे त्या स्त्रियांना उमगले होते; परंतु त्यांनी खुर्च्या सोडल्या नाहीत, खुर्च्यांची संख्या बदलली. आक्षेपकांनी या उदाहरणाचे मनन करावे.

दुसरा आक्षेप अधिक सात्त्विक दिसतो आणि म्हणूनच अधिक फसवा आहे. “तुम्हांला निवडले कोणी?” या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर “कोणीही नाही” असेच आहे, बहुतेक मंडळे आपल्या रिकाम्या जागा आपणच भरतात. परंतु प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारला आहे. प्रतिनिधी हा ज्यांनी पाठवले त्यांचा मुखत्यार असतो, त्याचे वकीलपत्र त्यांच्या हाती असते आणि ते परत घेता येते. विश्वस्त हा एका उद्देशाचा राखणदार असतो, आणि त्या उद्देशाच्या आड खुद्द त्याचे आप्तस्वकीय आले तरी त्यांना “नाही” म्हणण्यास तो बांधलेला असतो. 2020 च्या खानेसुमारीत ज्या समाजाची गणना 6 कोटी 21 लाख भरली, ज्यात न्यू मेक्सिकोत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेले जमीनदार आहेत, न्यूयॉर्कमधले पोर्तोरिकन कामगार आहेत, मायामीतले क्यूबन व्यापारी आहेत आणि काल सीमा ओलांडून आलेला शेतमजूरही आहे, त्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून कोणी एक मनुष्य मंडळावर बसला आहे असे जो म्हणेल, तो त्या मनुष्याचा उपहास करीत असेल किंवा त्या समाजाचा. आणि निवडून आलेल्यांचे म्हणाल, तर 1969 साली या नव्या संस्थांवर आणि त्यांना पैसा पुरवणाऱ्या फोर्ड प्रतिष्ठानावर अमेरिकन लोकसभेत ज्यांनी कडाडून हल्ला चढवला, ते हेन्री बी. गोन्सालेस हे सॅन अँटोनियोच्या मतदारांनी निवडून दिलेले आणि स्वतः मेक्सिकन-अमेरिकनच होते. त्यांचा हल्ला योग्य होता की अयोग्य हा वाद मी येथे उकरीत नाही. मतपेटीतून आलेला पुढारी आणि मंडळावरचा पुढारी यांत समाजाचा सच्चा आवाज कोणाचा, हे केवळ निवडणुकीने ठरत नाही, एवढेच दाखवायचे आहे.

तिसरा आक्षेप मात्र अंगावर घेऊनच उत्तर दिले पाहिजे, कारण इतिहास आक्षेपकांच्या बाजूने भरपूर साक्ष देतो. फोर्डचा काही पैसा ‘मायो’ या जहाल तरुणांच्या संघटनेपर्यंत पोचला होता. त्या तरुणांच्या एका पुढाऱ्याने, जो माल्डेफच्या नोकरीतही होता, गोऱ्यांविषयी केलेल्या प्रक्षोभक उद्गारांनी टेक्सासमध्ये गदारोळ उडाला. परिणाम असा झाला की, 1970 मध्ये देणगीदारांच्या दडपणाखाली माल्डेफला आपली मुख्य कचेरी सॅन अँटोनियोतून उचलून सॅन फ्रान्सिस्कोला न्यावी लागली आणि संस्थापक तिहेरिना यांना कार्यकारी पदावरून दूर व्हावे लागले. ज्या गावच्या दुःखातून संस्था जन्मली, त्या गावापासून ती शेकडो कोस दूर गेली. त्याच सुमारास काँग्रेसने 1969 चा करसुधारणा कायदा संमत केला, आणि मतदार-नोंदणीच्या कामाला प्रतिष्ठानांनी पैसा द्यावयाचा तर ते काम निदान पाच राज्यांत चालले पाहिजे अशी अट त्यात घातली. म्हणजे एकाच शहरातील गरिबांना मतदार करण्याचा मार्ग जवळजवळ बंद केला. ज्याचा पैसा त्याचा हुकूम, असे यावरून म्हणणाऱ्याला खोटे कसे ठरवायचे?

खोटे ठरवण्याची गरजच नाही. पुढची पाने उलटली म्हणजे पुरे. त्या पाच राज्यांच्या अटीकडे पाहून हातपाय गाळण्याऐवजी विली वेलास्केस यांनी 1974 साली सॅन अँटोनियोतच अनेक राज्यांत काम करणारी मतदार-नोंदणी संस्था काढली. अडवण्यासाठी घातलेल्या अटीने कामाचे क्षेत्रच वाढवले. ज्या सॅन अँटोनियोतून माल्डेफची कचेरी हलवावी लागली, त्याच शहराच्या बेअर परगण्यातील बहुसदस्य मतदारसंघ मेक्सिकन-अमेरिकनांची मते निष्प्रभ करतात, असा निर्णय 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि तो मिळवणाऱ्यांत माल्डेफचे वकील होते. मंडळाचे काय झाले? त्यावर ग्रासिएला ओलिवारेस यांच्यासह प्रथमच बसलेल्या स्त्रियांपैकी विल्मा मार्तिनेस यांना 1973 मध्ये मंडळाने संस्थेच्या अध्यक्ष आणि मुख्य वकील नेमले. आणि एकाच दात्यावर जगणारी संस्था त्या दात्याची मांडलिक होते हा धडा गिरवून त्यांनी देणग्यांचे झरे वाढवण्यास आरंभ केला. पैशाचा हुकूम मोडतो तो दुसऱ्या पैशाने, आणि तो गोळा करण्याचे, त्याचा चोख हिशेब ठेवण्याचे नीरस काम मंडळातच होते. मोर्चात होत नाही. (मोर्चाची निंदा करण्याचा माझा हेतू नाही, मोर्चा निघाला नसता तर फोर्डने पैसा दिलाच नसता, हे कोणासही कळते.)

आणि माणसे आपली असली म्हणजे मंडळ आपोआप धीट होते, ही समजूतही तपासून पाहावी. लॉस एंजेलिसमध्ये 1947 साली निघालेली ‘कम्युनिटी सर्व्हिस ऑर्गनायझेशन’ ही मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांतून, घरोघरच्या बैठकांतून वाढलेली संघटना. तिने मतदार नोंदवले, आणि तिच्या बळावर एडवर्ड रॉयबल 1949 मध्ये नगरपरिषदेवर निवडून आले. याच संघटनेत घडलेले सेसार चावेस यांनी शेतमजुरांची संघटना बांधण्याची योजना पुढे मांडली. 1962 साली कालेक्सिको येथील अधिवेशनात ती नामंजूर झाली, आणि चावेस राजीनामा देऊन बाहेर पडले. नकार देणारे कोणी फोर्डचे मुनीम नव्हते. सारे स्वकीयच होते, शहरी वस्त्यांत स्थिरावलेले, आणि शेतांतील मजुरांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी त्या स्थैर्याने बांधली गेली होती. तेव्हा मंडळावर आपला माणूस असला की न्याय घडतोच, असे प्रतिपादन मी करीत नाही, कोणी करू नये. आपल्या माणसाचा निर्णय चुकला तर त्याला नावानिशी जाब विचारता येतो, त्याच्या दारात जाता येते. 1962 चा नकार कोणी दिला हे चावेस यांस ठाऊक होते, आणि त्या ज्ञानाच्या आधारे आपला मार्ग वेगळा करणे त्यांस शक्य झाले. दूरच्या अनोळखी मंडळाने पत्राने कळवलेल्या नकाराशी भांडणार कोण?

राहिला तो ‘योग्यता पाहा, समाज पाहू नका’ हा सभ्य आक्षेप. याला फार वेळ देण्याचे कारण नाही. योग्यता म्हणजे तक्ता वाचता येणे एवढेच असेल, तर तो हिस्पॅनिक हिशेबनिसालाही वाचता येतो. परंतु तक्त्यात काय लिहिलेले नाही हे ओळखणे ही योग्यता दुर्मीळ असते. अंतोनिया पांतोहा यांनी 1961 मध्ये न्यूयॉर्कला ‘अस्पिरा’ स्थापन केली, त्याच्या मुळाशी हेच ज्ञान होते: पोर्तोरिकन मुले शाळा सोडतात ती मंदबुद्धी म्हणून नव्हे; शिक्षक ज्या भाषेत बोलतो ती त्यांना येत नाही आणि घरच्या भाषेत कोणी समजावीत नाही म्हणून. शहराच्या शिक्षण मंडळाकडे या मुलांची आकडेवारी होतीच. त्या आकड्यांचा अर्थ लावणारी माणसे मात्र अस्पिराकडे होती. तिने दावा लावला आणि 1974 मध्ये संमतीच्या हुकूमनाम्याने स्पॅनिशभाषक मुलांना द्विभाषिक शिक्षण देण्याचे बंधन त्या शिक्षण मंडळावर आले.

शेवटी पुन्हा टेक्सासकडे वळू. त्या राज्याने 1975 साली असा कायदा केला की, परवान्यावाचून देशात आलेल्यांच्या मुलांसाठी शाळांना राज्याचा पैसा मिळणार नाही. आणि 1977 मध्ये टायलर गावच्या शाळाखात्याने अशा मुलांकडून वर्षाला 1,000 डॉलर फी मागितली. माल्डेफने चार कुटुंबांच्या वतीने दावा दाखल केला. पालक शेतांत आणि कारखान्यांत राबणारे होते. न्यायालयात पाऊल ठेवताच हद्दपारीचा धोका होता, म्हणून न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी सुनावणी पहाटे सहाला ठेवली, आणि ती कुटुंबे आपला चीजवस्तूचा पसारा मोटारीत भरूनच तिथे आली. 1982 च्या 15 जूनला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की त्या मुलांना शाळेबाहेर ठेवता येणार नाही. दाव्याच्या शीर्षकात प्रतिवादी म्हणून शाळाखात्याच्या अधीक्षकांचे, प्लायलर यांचे, नाव आहे. वादींच्या जागी ‘डो’ असे आहे, आपल्याकडे ‘अमुक’ म्हणावे तसे. जॉर्डनटनच्या यादीत नाव होते आणि माणूस नव्हता. टायलरमध्ये माणसे बाकावर बसली होती आणि त्यांची नावे लिहिता येत नव्हती. दाव्याच्या कागदांवर त्यांच्या बाजूने खरी नावे उमटली ती त्या संस्थेच्या वकिलांची, आणि त्या वकिलांचा पगार, त्यांचा टायलरपर्यंतचा प्रवासखर्च, अपिलाचा खर्च, हे सारे ज्या अंदाजपत्रकातून निघाले, त्यावर मंजुरीची सही करणारे मंडळ सॅन फ्रान्सिस्कोच्या वाटेवरही मोडले नव्हते.